नाव राहून गेलेली गाडी

आमच्या घराला गावात भगताचं घर म्हणतात. आता त्या घरात भगत कोणी नाही, कितीतरी वर्षं झाली, तरी म्हणतातच, नाव असं लवकर सुटत नाही. गाव आमचं तापीच्या काठाला, सारंगखेड्याच्या वरच्या अंगाला, काळी जमीन, कापूस घाला, ज्वारी घाला, येते. माझ्या आजानं खंडेरावाची मूर्ती गावात आणली. कोणी म्हणतं जेजुरीहून डोक्यावर घेऊन चालत आला, कोणी म्हणतं तापीच्या वाळूत सापडली, आणि मला विचाराल मास्तर, तर वाळूत सापडली हेच खरं, कारण आजा माझा आळशी होता, तो एवढं चालला नसता. पण मूर्ती आणली ती त्यानं, म्हणून भगतपण आमच्या घरात आलं, आजानंतर बाप, बापानंतर माझा थोरला भाऊ, त्याला आम्ही दादाच म्हणायचो, सगळं गाव दादाच म्हणायचं.

मी दुसरीपर्यंत शिकलो, सही करता येते, वाचता येतं पण वाचत नाही. तुम्ही म्हणालात तुमचं काहीतरी सांगा, तर माझं काय सांगू तुम्हाला, माझं आयुष्य म्हणजे दादाच्या काखेत हात घालून चालणं. हसू नका, खरंच तसं होतं, सांगतो.

चैत्रात आमच्याकडं खंडेरावाची यात्रा भरते आणि बारा गाड्या ओढतात. तुम्ही शहाद्याकडचे, पाहिल्या असतील, पण लांबून पाहणं वेगळं आणि दोराजवळ उभं राहणं वेगळं. बैल सोडलेल्या बारा गाड्या एकीमागं एक बांधायच्या, गाड्यांत माणसं भरायची, जागा मिळेल तिथं पोरंसोरं लोंबकळतात, आणि पुढं भगत एकटा, अंगाला हळद, कमरेला दोर. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन माणसं, त्याच्या काखेत हात घालून त्याच्याबरोबर पळायचं, त्यांना बगले म्हणतात. भगत पडला तर गाड्या थांबत नाहीत हो, तुडवून जातात, म्हणून बगले. मी बगल्या. मिसरूड फुटलं तेव्हापासून मी दादाच्या डाव्या अंगाचा बगल्या.

खरं सांगू का, पहिला झटका भगताचा, पुढं उतार आहे, गर्दीचा रेटा आहे, देव आहे. पण तो पहिला झटका माणसानंच द्यावा लागतो, तिथं देव मदतीला येत नाही, मी जवळून पाहिलंय.

आणि त्याच्याही आधी पुकारा. ही रीत आमच्याच गावाची. बारा गाड्या म्हणजे गावातली बारा जुनी घरं, एकेका घराची एकेक गाडी. भगत अंगात आलेला, डोळे मिटलेले, शेवटच्या गाडीपासून निघतो, एकेका चाकावर हात ठेवतो आणि त्या घराच्या मूळपुरुषाचं नाव पुकारतो, नाव पुकारलं की चाकावर भंडारा टाकतो, मग ती गाडी पुढच्या गाडीला बांधायची. नाव देव घेतो, भगताचं नुसतं तोंड, असं गाव मानतं. ज्या घराचं नाव आलं नाही ती गाडी बाजूला काढायची, तिच्या जागी दुसऱ्या कोणाची जोडायची. असं एकदाच झालं होतं, माझ्या बापाच्या वेळी, एका घराचं नाव आलं नाही आणि पुढच्या पावसाळ्यात त्या घरात प्लेगचा गाठीचा ताप शिरला, घरच बसलं. जागा अजून रिकामी आहे, तिथं कोणी गोठासुद्धा घालत नाही.

आता दादाचं सांगतो. छप्पनचा दुष्काळ पडला, संवत छप्पनचा, जुनं इंग्रजी शतक सरतानाचा, तेव्हा मी गुरांमागं फिरायचो, गुरं कसली, हाडं फिरत होती आणि मी त्यांच्यामागं. बाप त्याच साली गेला. दादाचं लग्न नुकतंच झालेलं, वहिनी लहान, ती आली ती उपाशी घरात आली बिचारी. दादानं मला पाठीवर घेतलं, वहिनीला हाताशी धरलं आणि नवापूरच्या जंगलात गेला, तिथल्या भिलांनी आम्हाला कोणता कंद कसा उकडायचा ते दाखवलं, नाहीतर आम्ही शेतकऱ्याची पोरं चुकीचा कंद खाऊन तिथंच मेलो असतो. तिथून परत आणलं ते पण पाठीवर. ती पाठ मी विसरलो नाही, म्हणून पुढं त्याच्या काखेत हात घालताना मला कमीपणा वाटला नाही.

ताकद म्हणाल तर काय सांगू तुम्हाला. कवठ मुठीत धरून फोडायचा. आमची एक म्हैस होती कडक सडांची, ती दादाच्या मुठीशिवाय कोणाला थेंब देत नसे. सारंगखेड्याच्या यात्रेत एकदा एक घोडं बिथरलं, तर दादानं त्याचा दोर धरला आणि नुसता उभा राहिला, घोडं त्याच्याभोवती फिरतंय फिरतंय, शेवटी घोडेवाला म्हणे, भाऊ, आते सोड, माले घोडं इकनं शे, गरगरी जाई. आणि डोकं तसंच. कोणत्या बांधावरचं झाड कोणाच्या आजानं लावलं, कोणती गाय कोणत्या गायीची नात, कोणाची पोर कुठं दिली, सगळं तोंडावर. लोक वाद सोडवायला त्याच्याकडं यायचे, तलाठ्याकडं नाही.

मग सगळ्यांत आधी म्हैस बोलली. म्हणजे कशी बोलली, लाथा मारायला लागली, दूध सडात राहू लागलं, कास दगडासारखी. दादा म्हणे, म्हैस म्हातारी जयी. मी एकदा दादा शेतात असताना बसलो, तर भरून दिलं तिनं. दादा यायच्या आत मी चरवी आत नेऊन ठेवली. मग विहिरीवर बादली सुटली, दोर तळहातातून गेला आणि दादा आपल्या हाताकडं बघत उभा, जसं काही तो हात दुसऱ्या कोणाचा आहे. मग गाडीला गाठ मारली की सुटायला लागली. मग पिळलेलं धोतर वाळत घालायचा त्यातून पाणी गळायचं, वहिनी परत पिळायची, त्याच्या नजरेआड.

हे सगळं आधी, बरं का. नावं अजून शाबूत होती. नंतर कधीतरी, वर्ष म्हणा दीड वर्ष म्हणा, त्यानं मला विचारलं, दगडू, आखाजी गयी का येवानी शे. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, वैशाखातली, आणि तेव्हा बाजरीची मळणी चालू होती. मी म्हटलं थट्टा करतोय. त्याच्या तोंडाकडं पाहिलं तर थट्टा नव्हती.

तेव्हापासून माझं एक म्हणणं आहे आणि ते मी सोडलेलं नाही. मूठ ढिली झाली की नावं सुटतात. जसा कासरा. आधी हात, मग डोकं. मी पुष्कळ म्हाताऱ्यांना पाहिलं, आमचा तेली घाण्यावर बसून मेला, शेवटच्या दिवसापर्यंत त्याला गावातली सगळी पोरं बापाच्या नावानं माहीत. गावात लोक म्हणायचे, दगडू, मग कापडवाल्या मारवाडी शेठचं काय, त्यानं जन्मात गोणी उचलली नाही, नव्वदीला टेकला तरी तुन्ही वंशावळ तुलेच शिकाडस. मी म्हणतो, तो दिवसभर हातानं कापड फाडायचा, टरकन, टरकन, तुम्ही फाडून बघा मांजरपाट. त्याचा पंजा कोणी धरून पाहिलाय?

वहिनीला माझ्याही आधी कळलं होतं. बायकोला कळतंच. ती आणि मी असे, की घरात तिची थट्टा माझ्याशीच चालायची, भावजयीची दिराशी चालते तशी, मला म्हणायची, भाऊ, तुम्ही इतला कडू बोलतस, तुमले कारलानं कालवन कशाले. तर तिनं काय केलं, पहाटे जात्यावर बसली की बारा घरांची नावं ओवीत घालायला लागली, एकेका घराला एकेक कडवं, शेवटच्या गाडीपासून पहिल्या गाडीपर्यंत, त्याच क्रमानं. दादा तिथंच पडलेला असायचा. तो ऐकायचा आणि बरोबर पुटपुटायचा. दोन यात्रा तिनं अशा काढल्या. पहिला झटकासुद्धा त्या दोन्ही वर्षी मी आणि उजव्या अंगाच्या बगल्यानं दिला, दादा नुसता पुढं झुकला. गावाला कळलं नाही. दादाला कळलं का, देव जाणे.

मी एकदा म्हटलंही, दादा, औंदा मी ओढतो. खोटं कशाला बोलू, मला वाटायचं तसं, एवढी वर्षं काखेत हात घालून पळालो, कमरेला दोर कधी येईल असं कोणाला वाटणार नाही. दादा म्हणे, मी मरी गवू का? संपलं तिथंच.

मग ते साल आलं, दुसरी लढाई पेटायच्या थोडं आधीचं. पुकारा सुरू झाला. दादा डोळे मिटून चालतोय, मी डाव्या अंगाला, तोंडात भंडाऱ्याची चिमूट, कारण बगल्यानं पुकाऱ्यात बोलायचं नाही, चिमूट थुंकली तर यात्रा बाटली. एक घर झालं, दुसरं झालं, आवाज खणखणीत. मधल्या एका गाडीच्या चाकावर त्यानं हात ठेवला. ती लोटनची गाडी. लोटन म्हणजे आमच्या भिंतीला भिंत, दादाच्या बरोबरीचा, दोघं तापीत एकाच दिवशी पोहायला शिकले. हात ठेवला आणि थांबला. मी काखेत दाबलं. एरवी मी दाबलं की त्याच्या दंडाचं मांस टणक व्हायचं, तीच आमची बोली होती, त्या दिवशी मऊच राहिलं, ओल्या कणकेसारखं. मग हात उचलला आणि पुढच्या चाकावर ठेवला, आणि पुढचं नाव घेतलं.

गर्दी होती ना मास्तर, हजारो माणूस, आणि असं शांत झालं की गाडीतलं पोरगं शिंकलेलं ऐकू आलं. लोटन आपल्या धुरेजवळ उभा होता. त्यानं आणि त्याच्या पोरानं गाडी स्वतःच ढकलून बाजूला घेतली.

लोटनची पोर सोनी, तिचं लग्न ठरलेलं, यात्रेनंतर हळद लागायची होती, सासर म्हसावदचं, चांगलं बागाईतदार घर. यात्रेला म्हसावदचे लोक होतेच. घरी गेले आणि निरोप पाठवला, देवनी टाकेल घर शे, आमले वरीसभर थांबनं शे, पुढना पुकारा देखसूत. वर्षभर थांबणं म्हणजे काय ते तुम्हाला कळतं. हळदीच्या तोंडावर थांबलेली पोर परत कोण पत्करतं. आणि गावातल्या बायका लोटनच्या घरचं विरजण घ्यायच्या बंद झाल्या.

लोटन आला आमच्याकडं. ओट्यावर दादा बसला होता, मी खाली भुईमुगाच्या शेंगा फोडत होतो. लोटननं पागोटं काढलं आणि दादाच्या पायांवर ठेवलं. म्हणे, दादा, मी काय पाप करं, देवले इचारी सांग, तू सांगशी ते प्राचित लिसू, पन पोरनं वाटोळं व्हवाले नको. दादा त्याच्याकडं बघत राहिला. मग चांगला हसला, पाहुण्याकडं बघून हसावं तसा, आणि म्हणे, तू कोन शे?

मी शेंग तशीच हातात धरून बसलो. मला वाटलं, आता कळलं लोटनला, बरं झालं, माझ्यावरचं ओझं गेलं. पण काय सांगू, आमची माणसं कशी. लोटननं दोन्ही कान धरले, म्हणे, देव इतला रुसना का मन्हावर, भगतले मी वळखूबी येत नही. पागोटं तिथंच टाकून गेला. सख्खा शेजारी, जन्माचा सोबती, तुला ओळखत नाही, तर तुला असं नाही वाटलं की म्हातारा झाला, तुला वाटलं देव रुसला.

मी वहिनीकडं गेलो. ती चुलीपाशी. मी म्हटलं, वहिनी, आता सांगावं लागेल गावाला. ती म्हणे, काय सांगशात? मी म्हटलं, दादाचं डोकं गेलं म्हणून. ती म्हणे, पुढला वरीसले मी बरोबर म्हनाडसू, लोटनना घरनी ओवी दोनदा म्हनसू. मी म्हटलं, पुढल्या वर्षापर्यंत ती पोर कुठं राहील? आणि पुढल्या वर्षी दुसऱ्या कोणाचं घर राहून गेलं तर? तिनं फुंकणी घेतली आणि विस्तव फुंकत बसली, विस्तव चांगला पेटलेला होता तरी.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर पाटलानं माणसं जमवली होती, लोटनचंच बोलणं चाललं होतं, प्रायश्चित्त काय द्यायचं. मी दादाला हाताला धरून घेऊन गेलो. म्हटलं, पाटील, लोटनचं काही चुकलेलं नाही. नाव देवानं टाळलं नाही, दादा विसरला. उखा नावाचा एक माणूस होता, जीभ मोठी तिखट, तो म्हणे, अरे व्वा, आते तू देवना वकील का? मी म्हटलं, देवाचा नाही, म्हाताऱ्याचा. तर म्हणे, तुले भगत व्हनं शे, सरळ सांग ना, भाऊले येडा ठरावाले लाज वाटत नही का? लोक हसले. माझी मान अशी ताठ, आजही ताठ आहे, पण त्या वेळी कान तापले.

मी म्हटलं, लोटन, इकडं ये, दादाचा हात हातात घे. दादाला म्हटलं, दाब, दादा, जोरमा दाब. लोटननं हात धरला आणि त्या हाताकडं बघत राहिला. ज्या हातानं कवठ फुटायचं तो हात. दादा म्हणे, दाबी तं ऱ्हायनू ना.

लोटनच्या डोळ्यांना पाणी आलं. पण पाटील म्हणे, हात म्हातारा जया, मानसना हात म्हातारा व्हसच, पन नाव तर देव लेस, त्याले हात कशाले पाहिजे? बघा, हे असं. मी म्हटलं, पाटील, देव अंगात येतो ना, मग यायला अंग लागतं. ओसाड घरात पाहुणा उतरेल का? मग मी म्हटलं, आणि उखा म्हणतो ना की मला भगत व्हायचंय, तर ऐका, खंडेरावाच्या भंडाऱ्याची आण, आमच्या घरातला कोणी इथून पुढं बारा गाड्या ओढणार नाही, मी नाही, माझी पोरं नाहीत, दादाचीही नाहीत. भगतपण लोटनच्या घरात द्या, त्याचा रामा ओढेल, पोरगा दणकट आहे. देवानं टाकलेलं घर असतं तर मी माझ्या आजाचा देव त्या घरात दिला असता का?

हे मी घरून ठरवून आलो नव्हतो. तोंडातून निघालं. निघालं ते निघालं.

पाटील म्हणे, भगतपन भगतनी आपला हाते दिन्हं पाहिजे. रामाला पुढं बसवलं. दादाच्या कमरेला भंडाऱ्याची पिशवी कायम असायची, झोपतानासुद्धा. मी म्हटलं, दादा, पिशवी सोड. मला वाटलं सोडणार नाही, मी मरी गवू का म्हणेल, आणि सगळं फिसकटेल. पण दादानं रामाकडं पाहिलं, त्याच्या खांद्यावर, दंडावर हात फिरवला, बैल पारखावा तसा. मग पिशवीची गाठ काही त्याच्यानं सुटेना, ती मीच सोडली. त्यानं रामाच्या ओंजळीत पिशवी ठेवली आणि म्हणे, ले दगडू, आते तू वढ, माले थकवा उना.

मी त्याच्या शेजारी उभा होतो, मास्तर. दगडू मी.

सगळ्या पारानं ऐकलं. उखानंसुद्धा मान खाली घातली. मग कोणाला काही पटवावं लागलं नाही. पाटलानं तिथल्या तिथं लोटनच्या घराचं नाव रामाकडून पुकारून घेतलं, गाडी पारापाशी आणून तिच्या चाकावर रामानंच भंडारा टाकला, आणि दोन माणसं घोड्यावर म्हसावदला गेली. हळद ठरल्या दिवशी लागली. नवऱ्याकडचे तर आता मिरवायला लागले की आम्ही भगताच्या घरची पोर केली.

घरी आलो तर वहिनी दारात. कोणीतरी आमच्या आधी येऊन सांगितलं होतं. म्हणे, भाऊ, तुम्ही मन्हा धनीले भर गावमा उघडं पाडं. एवढंच म्हणाली. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. एका घरात, एका चुलीवर. मला काही सांगायचं असलं तर सुनेला सांगायची, सून मला सांगायची, मी समोर बसलेलो असलो तरी.

दादा त्यानंतर चार-पाच वर्षं होता. लढाई चालू होती, रॉकेल मिळत नव्हतं, तेव्हा गेला. ती वर्षं कशी गेली ते तपशिलात काय सांगू. दादाची पोरं म्हणायची, आबाले आराम करू द्या, लोके काय म्हनतीन, म्हाताराले राबाडतस. खाटेवर बसवून ठेवलं की दादा दिवस दिवस विचारायचा, यात्रा कव्हय शे, यात्रा कव्हय शे. मी ऐकायचो नाही पोरांचं, त्याला मळ्यात न्यायचो, अंबाडीचा दोर वळायला द्यायचो. दोर वाकडातिकडा, पण वळायचा. ज्या दिवशी दोन-तीन हात दोर वळला त्या दिवशी संध्याकाळी मला दगडू म्हणायचा. कधी कधी. नेहमी नाही, नेहमी झालं असतं तर मी गावभर दवंडी पिटली असती. आजही मला कळत नाही की हातानं डोकं धरलं होतं की चांगल्या दिवशी हातही चालायचा आणि डोकंही. पण माझं म्हणणं मी सोडत नाही. दोर वळायला मी आणखी दोन वर्षं आधी दिला असता तर, असं मनात येतं, मग म्हणतो जाऊ दे, भगताला दोर वळायला बसवायची कोणाची छाती होती.

रामा ओढतो गाड्या आता. चांगला ओढतो. पुकारा मात्र घाईनं करतो, दादासारखा ठेवणीतला आवाज नाही. मी यात्रेला जातो, लांब उभा राहतो, बगल्या म्हणून कोणी बोलावलं नाही आणि मी विचारलंही नाही. माझ्या धाकट्यानं एकदा विचारलं, बाबा, आपन का नही वढत, मी म्हटलं, आपल्या घरात आता वकील आहेत. सोनी दर आखाजीला माहेरी येते, झोका बांधायच्या आधी पोरांना घेऊन माझ्या पाया पडून जाते. तिला काही माहीत नाही फारसं, बापानं सांगितलं असेल तेवढंच. मी म्हणतो सुखी राहा, आणखी काय म्हणणार.

इंग्रज गेला, आता आपलं राज्य आलं म्हणतात, मी मात्र म्हशीखाली बसतो, सकाळ-संध्याकाळ, सून नको म्हणते तरी. आता दादा गेला त्या वयाच्या जवळ आलोय मी. थकलोय हो, खरं सांगतो, उठताना गुडघ्याला हात लावावा लागतो, पण खाटेवर बसायचं नाही असं ठरवलंय.

मागच्या महिन्यातली गोष्ट. सून माहेरी गेली होती, भाकरी वहिनीनंच थापली. माझ्यापुढं ताट ठेवलं, न बोलता, नेहमीसारखं. भाकरी जरा कडक होती, ज्वारी जुनी असेल. मी मोडायला गेलो, मोडेना. दुसऱ्या हातानं धरली, तरी मोडेना, ताट सरकलं. वहिनी पदर सावरून समोर बसली होती, तिला आता कमी दिसतं, पण ते तिनं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आणि मग इतक्या वर्षांनी ती माझ्याशी बोलली. म्हणे, कुस्करी देऊ का, भाऊ?

मी किती वर्षं वाट पाहिली होती तिच्या एका शब्दाची. ताट तिच्याकडं सरकवलं आणि म्हटलं, दे.